सिद्धम्माच्या बोटांची रेघ

माझा राग पहिल्यापासून नाकाच्या शेंड्यावर. करकंबला आमच्या घरी म्हणायचे, सोनीनं तोंड उघडलं की आधी मांजर उठून जातं. एकोणीसशे शहात्तर साली मी सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले, तेव्हा वळकटीबरोबर तो रागही घेऊन आले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण सिद्धम्माशी मी जे वागले ते वाचून तुम्ही मला नावं ठेवणार. ठेवा. माझी मी कधीच ठेवून झाली आहेत.

सिद्धम्मा आमच्या विभागाला झुरळं पुरवायची. तिशीची बाई, अंगानं काटक, कपाळावर विभूती आणि खाली रुपयाएवढं कुंकू. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं मराठी बोलता बोलता मध्येच कानडी यायचं आणि तिचं तिला कळायचंही नाही. नवरा कल्लप्पा चादरींच्या कारखान्यात सुताला खळ लावायच्या कामावर होता. खळीच्या टाक्यांभोवती पिठाच्या वासानं झुरळांची नुसती जत्रा भरायची. ही संध्याकाळी तिथं गूळ आणि केळ्याची साल घातलेले डबे मांडून यायची आणि सकाळी झाकणं लावून आमच्याकडं आणायची. कॉलेजात ती रोजंदारीवर. घर चालायचं ते विड्यांवर.

त्या काळात सोलापुरात आमच्या भागात दर दुसऱ्या घरात बाईच्या मांडीवर सूप दिसायचं. सुपात भिजवलेली पानं, तंबाखूचा भुगा, कात्री आणि दोरा. पान मापात कापायचं, चिमटीनं तंबाखू घालायची, वळायचं, टोक आत दुमडायचं, दोरा बांधायचा. सिद्धम्मा सात वर्षांची असल्यापासून हे करत होती. हातात काही नसलं तरी तिची बोटं आपली चालूच असायची.

त्या बोटांकडं माझं लक्ष गेलं ते असं. माझं पीएच.डी.चं काम झुरळाच्या मज्जासंस्थेवर चाललं होतं. झुरळाच्या पोटात तळाशी एक पांढरा दोरा असतो, मध्ये मध्ये गाठी असलेला. पुस्तकात त्याला चेतारज्जू म्हणतात. तो अख्खा काढावा लागतो. माझ्या हातून दहातले सहा तुटायचे, आणि तुटला की मी चिमटा फेकायची. एक दिवस डबे द्यायला आलेली सिद्धम्मा दारात उभी राहून हे बघत होती.

"बाई, मी करून बघू का?"

मी वैतागूनच चिमटा तिच्यापुढं धरला. तिनं तो बाजूला ठेवला. डाव्या हाताच्या दोन बोटांत झुरळ धरलं, नखाच्या टोकानं कडा सोडवल्या आणि दोरा उचलून बशीत ठेवला. अख्खा. पुढच्या चार झुरळांचेही तसेच. आमचे विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक हत्तुरे सर चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. त्या दिवसापासून झुरळं आणणं आणि दोरे काढणं, दोन्ही कामं तिच्याकडं गेली.

त्याच महिन्यात प्राणिगृहासाठी परिचराची एक कायमची जागा मंजूर झाली. सिद्धम्माला ती जागा हवी होती. हे तिनं आडून आडून सुचवलं नाही, सरांच्या टेबलासमोर उभी राहून सरळ सांगितलं.

"माझी आई मांडीवर सूप घिऊनच गेली, सायेब. खोकून खोकून. मला तसं न्हाय जायाचं. ही जागा मला पायजे."

सर म्हणाले, "काम नीट दिसू दे, मग कमिटीपुढं नाव ठेवतो." कमिटी जानेवारीच्या अखेरीस बसणार होती.

कामाचं तिला सगळं समजून घ्यायचं असायचं. "ह्यो दोरा कशाला लागतोय तुमास्नी?" असं तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी सांगितलं की एका नसेचं टोक दुसरीला चिकटलेलं नसतं. मध्ये फट असते, डोळ्याला न दिसणारी. निरोप पलीकडं न्यायचा तर पहिली नस एक रसायन सोडते, त्याचं नाव ॲसिटिलकोलीन. पलीकडच्या नसेवर त्याला बसायला ठरलेल्या जागा असतात. ते तिथं बसलं की ती नस जागी होते. लगेच एक विकर येऊन त्याचे तुकडे करतं, की जागा पुन्हा मोकळी.

सिद्धम्मानं थोडा विचार केला. "म्हंजे पलीकडच्या दाराची कडी वाजवायची आन् आपल्या वाटंनं जायाचं."

"बरोबर. आणि पिकावर मारायचं औषध झुरळाला दिलं की ते तुकडे करणारं विकर बंद पडतं."

"मग कडी वाजतच ऱ्हाती."

"वाजतच राहते. म्हणून झुरळ थरथरतं, उताणं पडतं आणि मरतं."

निरोगी झुरळाच्या दोऱ्यात ॲसिटिलकोलीन किती आणि औषध दिलेल्याच्या दोऱ्यात किती साठतं, एवढंच मला मोजायचं होतं. मोजायला तेव्हा आमच्याकडं बेडूक होता. बेडकाच्या पोटाचा एक स्नायू काढून मिठाच्या पाण्याच्या नळीत टांगायचा, त्याला एक काडी जोडायची. समोर एक ढोल सावकाश फिरत असतो, त्यावर काजळी धरलेला कागद. दोऱ्याचा अर्क नळीत टाकला की स्नायू आवळतो, काडी वर जाते आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ उमटते. जितकं ॲसिटिलकोलीन जास्त तितकी रेघ उंच. कागदाला काजळी धरायचं कामही सिद्धम्मानं उचललं होतं आणि तिच्या कागदावर कधी डाग पडला नाही.

पण रेघा काही केल्या जुळेनात. निरोगी झुरळांची रेघ औषध दिलेल्यांइतकीच उंच यायची. कधी त्याहून वर जायची. सोमवारी जरा बरी असायची, मंगळवारपासून पुन्हा बोंब. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, दिवाळीची सुट्टी मी घरी न जाता प्रयोगशाळेत घालवली. डिसेंबर संपत आला तरी माझ्याकडं दाखवायला एक धड आकडा नव्हता.

मग एका सकाळी माझं डोकं फिरलं. सिद्धम्मा डबा घेऊन आत आली आणि मी सुरू झाले. "कुठल्या फवारलेल्या गटारातून उचलून आणतेस गं ही? माझं वर्ष मातीत घातलंस. कायमची नोकरी पाहिजे म्हणे." तिच्या हातातला डबा घेऊन मी दाराबाहेर भिरकावला. डबा जिन्यावरून गडगडत खाली गेला आणि चाळीस झुरळं ऑफिसात शिरली. हेडक्लार्क खुर्चीवर चढले.

सिद्धम्मा तशीच वळली. खाली गेली, गुडघ्यावर बसून कपाटाखालून, फायलींमागून एकेक झुरळ हातानं गोळा केलं. छत्तीस सापडली. ती घेऊन वर आली, डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "खळीच्या टाकीपासलीच हायती बाई. मी खोटं बोलत न्हाय." मला तेव्हाच माफी मागायला पाहिजे होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती घरी गेलीच नाही. दोरे काढून झाल्यावर स्टूल ओढून ढोलासमोर बसली. मी अर्क टाकत होते, रेघा उमटत होत्या, ती नुसती बघत होती. दुपारी तिनं तोंड उघडलं.

"बाई, तुमी बाटलीतलं औषध टाकता तवा काडी झटक्यानं वर जाती आन् पानी बदललं की लगीच खाली येती." बाटलीत शुद्ध ॲसिटिलकोलीन असायचं, तुलनेसाठी. "आमच्या झुरळाच्या पान्यानं जाती ती हळूहळू चढती, आन् पानी बदललं तरी उतराय तयार न्हाय."

मी चार महिने रेघेची उंची मोजत होते. रेघ चढते कशी आणि उतरते कशी हे डोळ्यांसमोर असून मी पाहिलं नव्हतं. एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवलेली बाई मी. तोंडात मारल्यासारखं झालं.

सिद्धम्माचं अजून संपलं नव्हतं. तिनं सकाळचा डबा उघडून माझ्यापुढं धरला. "हे बगा. ह्यास्नी आपन अजून कायबी दिलं न्हाय, तरी चारपाच थरथरायलेत. ह्यास्नी तंबाखू लागलीया."

"काय?"

"सात वर्साची हुती मी. पयल्या दिवशी आईनं सुपापाशी बसीवलं. सांजच्याला हातपाय कापाय लागले, घाम फुटला, पोटातलं सगळं भाईर. आमच्यात परतेक पोरीला व्हतंय. आई म्हनली, तंबाखू लागली, आठ दिसांत सवय व्हईल. झाली की सवय." ती डब्याकडं बघत होती. "ह्यो डबा तंबाखूचाच हाय, बाई. आमच्या घरात दुसरा डबा कुटनं येनार?"

तंबाखूत निकोटीन असतं हे मला ठाऊक होतं. निकोटीन ॲसिटिलकोलीनच्याच जागेवर जाऊन बसतं हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. झुरळाच्या नसेवरच्या जागेत ते बसतं, बेडकाच्या स्नायूवरच्या जागेतही बसतं. आणि त्याचे तुकडे करणारं विकर तिथं नसतं, म्हणून ते उठायला वेळ लावतं. विडीवाल्या घरात सगळे डबे तंबाखूचेच असणार, हे मात्र माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

संशय नको म्हणून मी एक तपासणी केली, जी मी ऑगस्टमध्येच करायला हवी होती आणि आळसानं टाळली होती. अर्कात सोडा घालून उकळला. उकळल्यावर ॲसिटिलकोलीन नष्ट होतं, रेघ सपाट यायला हवी. रेघ तशीच वर गेली. म्हणजे इतके दिवस मी तंबाखू मोजत होते.

डबे फेकून काचेच्या बरण्या आणल्या. आता सुटलो असं वाटलं. थरथरणं थांबलं, रेघही खाली आली, पण निम्मीच. दोन दिवस आम्ही दोघी डोकं खाजवत बसलो. तिसऱ्या दिवशी सिद्धम्मानं आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. अंगठा आणि पहिली दोन बोटं हळदीसारखी पिवळी होती.

"डबं नव्हं बाई. ही."

वाटीभर मिठाच्या पाण्यात मी माझी बोटं बुडवली आणि ते पाणी नळीत टाकलं. काडी हलली नाही. मग तिनं तिची बोटं दुसऱ्या वाटीत बुडवली. काडी सावकाश वर चढली, साडेसहा सेंटिमीटर, आणि तिथंच बसली. म्हणून रविवारी विड्यांचा कारखाना बंद असला की सोमवारची रेघ जरा खाली यायची. दोरा अख्खा काढणारी बोटं विड्यांनीच घडवलेली, आणि त्याच बोटांनी तो दोरा नासत होता.

सर येऊन कागद बघून गेले. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना आकडे हवे होते. "रोंगे, तिला टेबलापासून लांब ठेवा," ते मला म्हणाले. "प्राणिगृहात तरी कशी ठेवायची आता? ज्या जनावराला हात लावेल ते बिघडणार. मी दुसरं नाव बघतो." सिद्धम्मा तिथंच उभी होती. रबरी हातमोजे घालून तिनं करून बघितलं. मोजे जाड होते, पाचही दोरे तुटले.

"सायेब, कमिटी कवा हाय?" तिनं विचारलं.

"सतरा दिवसांनी."

"बोटं साफ करून आली तर नाव ठिवताल का?"

"शब्द देत नाही. कमिटी माझ्या एकट्याची नाही. पण बोटं साफ नसतील तर नाव ठेवणारच नाही."

"मग साफ करती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली. विड्यांच्या कारखान्यात जाऊन आपलं कार्ड परत करून आली होती. हे कार्ड म्हणजे काय ते सोलापूरच्या बाईला विचारा. ते असलं तर पानं आणि तंबाखू मिळते, विड्या घेतल्या जातात. एकदा सोडलं की तुमची पानं दुसरी बाई घेऊन जाते, आणि परत गेलात तर दारावरचा माणूस ओळखही दाखवत नाही. जागेचा पत्ता नाही, सरांचा शब्द नाही, आणि ही हातातलं सोडून मोकळी झाली होती. "अगं, थोडं थांबायचंस तरी," मी म्हटलं.

"थांबून रेघ खाली यील का?"

मी कपाटातून एक वाटी काढून तिच्यापुढं ठेवली.

तेव्हापासून रोज सकाळी दहा वाजता सिद्धम्मा वाटीत बोटं बुडवायची आणि मी ते पाणी नळीत टाकायची. बेडूक रोज नवा, म्हणून आधी बाटलीतलं ॲसिटिलकोलीन टाकून माप जुळवून घ्यायचे. तिच्या रेघांसाठी मी वेगळा कागद ठेवला होता. राख, चिंच, शिकेकाई, लिंबाची सालं, पाटा घासायचा दगड, तिनं काही बाकी ठेवलं नाही. पहिल्या दिवशी साडेसहा, दुसऱ्या दिवशी साडेपाच, मग साडेचार, साडेतीन. चौथ्या दिवशी तिच्या बोटांची सालं निघून रक्त आलं होतं आणि मिठाच्या पाण्यात बुडवताना तिनं दात आवळले. मी म्हटलं, आज नको. ती म्हणाली, "कातडं परत येतंय बाई. तुमी टाका पानी."

पाचव्या दिवशी दोन. सहाव्या दिवशी काडी चढत गेली आणि चारवर थांबली.

मी काय केलं असेल? जे करू नये तेच. "वळल्यास ना विड्या? खरं सांग." दुसऱ्यांदा मी तिला खोटं ठरवलं. या वेळी तिचा चेहरा बदलला. वाटी उचलून तिनं मोरीत पालथी केली आणि म्हणाली, "चला माझ्या घरी. तुमच्या डोळ्यानं बगा."

घर म्हणजे एक खोली. मधोमध तिची सासू निंगव्वा मांडीवर सूप घेऊन बसली होती. निंगव्वाचं कार्ड चालूच होतं. कोपऱ्यात तंबाखूचं पोतं, त्याला टेकून वाकळा, शेजारी पिठाचा डबा आणि तवा. दारातून उन्हाची तिरीप आत येत होती आणि तिच्यात तंबाखूची बारीक धूळ तरंगताना दिसत होती. मी आत पाऊल टाकलं आणि सात शिंका दिल्या. सिद्धम्मानं विडीला हात लावला नव्हता. घरातल्या हवेनंच तिचे हात पुन्हा माखत होते.

निंगव्वानं सूप खाली न ठेवता नजरेनंच माझी वरपासून खालपर्यंत झडती घेतली आणि कानडीत सुरू झाली. सिद्धम्मा तिला अत्ती म्हणायची, कानडीत सासूला म्हणतात तसं. मला निम्मं कळलं, बाकीचं तिच्या हातवाऱ्यांवरून. कार्ड देऊन आली, आता हिच्या बोटांची पूजा मांडायची काय आम्ही, असा एकूण सूर.

सिद्धम्मानं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "अत्ती, माझी रेघ तुमच्या तंबाखूनं चढती असं मला वाटतंय. उद्या कालिजात येऊन बगा. तसं नसलं तर मी पाया पडून परत कार्ड मागाय जाती."

आपल्यावर आळ येतोय म्हटल्यावर निंगव्वा येणारच होती. सकाळी डोक्यावर पदर घट्ट घेऊन ती प्रयोगशाळेत आली, सांगाड्याला नमस्कार केला आणि स्टुलावर बसली. सिद्धम्मानं आधी स्वतःची बोटं बुडवली. साडेतीन. मग सासूचा हात धरून दुसऱ्या वाटीत घातला. साठ वर्षं तंबाखू चिवडलेले ते हात सालीसारखे झाले होते. मी पाणी नळीत टाकलं. काडी चढली, चढतच गेली, कागदाच्या वरच्या कडेबाहेर गेली आणि वर अडकून बसली. मी तीनदा पाणी बदललं तरी ती खाली यायला तयार नव्हती.

निंगव्वा काडीकडं बघत होती. "बेडकाला काय झालं?"

"आवळून आला, अत्ती."

"माझ्या हाताच्या पान्यानं?"

"व्हय."

म्हातारीनं हात पदराला पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. मग उठून गेली. आता घरी काय वाढून ठेवलंय या धास्तीनं मी दिवसभर सिद्धम्माकडं बघत होते. ती काजळी धरत बसली होती.

दुसऱ्या दिवशी कळलं ते असं. निंगव्वानं घरी जाऊन पोतं, पानं, सूप सगळं शेजारच्या गुलबानोच्या ओट्यावर नेऊन ठेवलं होतं. कुणी विचारलं तर सांगत होती, घरात लई उकडतंय. जानेवारीचा महिना होता. वाकळा धुऊन वाळत घातल्या होत्या, भिंती पाण्यानं खराट्यानं धुतल्या होत्या. आणि संध्याकाळी ओट्यावरून आत येताना ती हात कोपरापर्यंत धुऊन, लुगडं बदलून येत होती. सुनेशी मात्र बोलत नव्हती.

आठव्या दिवशी तीन. मग दोन, दीड, एक. बाराव्या आणि तेराव्या दिवशी काडी अर्ध्या सेंटिमीटरवर अडून बसली, ती तिथून खालीच येईना. सिद्धम्मानं नखं मुळापर्यंत कापून टाकली. ज्या नखांनी ती दोरा सोडवायची तीच. "आता दोरे कशानं काढणार?" मी विचारलं. "चिमट्यानं शिकती की. तुमी न्हाय का करत?" माझे दहातले सहा तुटतात हे तिला चांगलं माहीत होतं, आणि तिच्या डोळ्यांत मला टोचल्याचं समाधान दिसलं. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली होती.

चौदाव्या दिवशी मी सरांना मुद्दाम बोलावलं. सिद्धम्मानं बोटं बुडवली आणि हात पदरात लपवून उभी राहिली. मी पाणी टाकलं. ढोल फिरत राहिला. काडी कागदावर आडवी, सरळ चालली. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. स्नायू मेला की काय म्हणून मी बाटलीतला थेंब टाकला, तशी काडी झटक्यानं वर गेली आणि पाणी बदलल्यावर खाली आली. स्नायू जिवंत होता. बोटं साफ होती.

सरांनी चष्मा काढून पुसला. "दोरे काढ," एवढंच म्हणाले. तिनं चिमट्यानं दहा झुरळांचे दोरे काढले. एक तुटला. निरोगी पाचांची रेघ बुटकी आली, औषध दिलेल्यांची तिच्या दुपटीहून उंच. पाच महिने मी ज्या आकड्यांसाठी रडत होते ते एका दुपारी कागदावर आले. मी तिचे हात धरले आणि माफी मागितली, डब्याची आणि विड्यांच्या आळाची, दोन्हींची. "बरं झालं मागितली," ती म्हणाली. "मी वाटच बगत हुती."

तीन दिवसांनी कमिटी बसली. शिक्षण दुसरी, हे ऐकून एका सदस्यांनी अर्ज बाजूला सरकवला. मी दाराशी उभी होते आणि माझं तोंड उघडणारच होतं. सिद्धम्मानं माझ्याकडं असं बघितलं की मी ते मिटलं. तिनं पिशवीतून लाखेची चपडी लावून पक्का केलेला काळा कागद काढला आणि टेबलावर पसरला. चौदा रेघा, मध्ये सासूची कागदाबाहेर गेलेली. "ही माझी बोटं हायती, सायेब," ती म्हणाली आणि पहिल्या रेघेपासून सांगत गेली. कडी कोण वाजवतं, तंबाखू कडी धरून कशी बसते, झुरळ का थरथरतं, सहाव्या दिवशी काय झालं. शेवटी त्या सदस्यांनीच बाजूला सरकवलेला अर्ज पुन्हा जवळ ओढला.

आठवड्यानं नेमणुकीचं पत्र आलं. मी ते तिला दोनदा वाचून दाखवलं. तिनं घडी घालून ब्लाउजात ठेवलं आणि झुरळांना पाणी द्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर सिद्धम्मा ढोलावर नवा कागद गुंडाळून त्याला काजळी धरत होती. त्या दिवशी प्रयोग नव्हता. मी विचारलं, हे कशाला?

"अत्ती काल बोलली माझ्याशी," ती म्हणाली. नजर कागदावरच होती. "रातच्याला भाकरी खाताना. इचारत हुती, तिची रेघ बी उतरंल का."

मी पाहिलं तर निंगव्वा दाराबाहेर, चपला काढायच्या जागी, भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले होते. मांडीवर सूप नव्हतं.

"उतरेल," मी म्हटलं. "पण किती दिवस लागतील ते मला सांगता येणार नाही. साठ वर्षांची तंबाखू आहे."

"मोजू की," सिद्धम्मा म्हणाली आणि वाटीत मिठाचं पाणी ओतायला लागली.